शेंगांपाशी अडलेला उधळ्या पुत्र

अड्यार, चेन्नई
गुरुवार

प्रिय मामांस शांतवनचा प्रभूमध्ये सलाम.

देवाच्या कृपेने तुमची साखर आटोक्यात असेल, मामींचा गुडघा वळत असेल आणि माझं नाव काढलं की तुमचं ब्लडप्रेशर पूर्वीइतकं चढत नसेल, अशी आशा धरून लिहितो. (पत्राचा फोटो मामींच्या मोबाईलवर पाठवतोय. मामी, वाचून होईपर्यंत त्यांना उठू देऊ नका.) दोन वर्षांपूर्वी नाताळात, मंडळीचा सेक्रेटरी म्हणून, मीच 'लोक जेवायला खोळंबलेत' अशी चिठ्ठी तुम्हाला भर कीर्तनात पाठवली. तुम्ही पेटी मिटून उठलात ते आजतागायत माझ्याशी बोलला नाहीत. चूक माझीच होती. पण मामा, आता मी पुरता अडकलोय, आणि रविवारी अकराला माझी अब्रू वाचवणं फक्त तुमच्या हातात आहे.

राहुरीहून आम्ही आठ जण इथे पंधरा दिवसांच्या सेवेला आलो. बाकीच्यांना सोपी कामं: कुणी चर्चची भिंत रंगवतंय, कुणी मुलांना गाणी शिकवतंय. मी मात्र पाळकसाहेबांपुढे छाती काढून सांगितलं होतं की मी ख्रिस्ती कीर्तन करीन, मामांचा भाचा आहे. म्हटलं, इथे मराठी कळतंय कुणाला, चुकलं तरी कोण धरणार? (इथे चपला बाहेर काढून चर्चमध्ये जातात. मी पहिल्या दिवशी बुटांसकट थेट वेदीपर्यंत गेलो, ते सोडा.) पण माझी राहायची सोय नेमकी बालाजीरावांच्या माडीवर झाली. हे तंजावरकडचे मराठी, हिंदू, रिटायर्ड हेडक्लार्क, वय ऐंशी, आणि त्यांचे आजोबा कीर्तनकार! गेल्या रविवारी ते चर्चच्या पहिल्या रांगेत येऊन बसले.

पूर्वरंग बरा झाला. आख्यानाला तुमचाच उधळ्या पुत्र घेतला. पोरानं वाटणी मागितली, दूर देशी जाऊन सगळं उडवलं, डुकरं राखायला लागला, त्यांच्या शेंगा खायची पाळी आली, आणि पुढे सगळं कोरं! साकी आठवेना, दिंडी आठवेना, गायचं एकही पद आठवेना. आठवणार कुठून? तुमची डुकरं आली की मी दर वेळी मंडपामागे जेवणाचं बघायला उठायचो. वीस वर्षांत तो पोरगा घरी पोचलेला मी एकदाही ऐकला नाही, मामा. शर्ट घामानं अंगाला चिकटला, मृदंगवाले बिचारे वाजवतच राहिले, शेवटी 'उरलेलं पुढच्या रविवारी' म्हणून मी हात जोडले.

मंडळीला गोष्ट बायबलातून पाठ आहे. बालाजीरावांना ती ठाऊक नाही. सोमवारपासून मी कॉफीचा पेला उचलला रे उचलला की, "बुवा, त्या लेकाचें पुढें काय जाहलें?" मंगळवारी न राहवून सांगायला लागलो तर कानांवर हात ठेवले. नुसती गोष्ट नको, साकीनंच सांगा म्हणे. मी मनचं काहीतरी जुळवून म्हटलं, तर दुसऱ्या ओळीलाच त्यांनी ताल सुटल्याचं दाखवलं.

या घाईचं कारण काल कळलं. त्यांचा मुलगा मुरली सिरुसेरीला कंपनीत आहे, इथून तासाभरावर. लग्नाच्या बोलण्यांवरून भांडून गेला तो दीड वर्षं फिरकलेला नाही. त्याला त्यांनी रविवारच्या कीर्तनाचा निरोप धाडलाय. त्याला मराठी धड कळत नाही, म्हणून शेजारी बसून स्वतः तमिळमध्ये सांगणार आहेत. तो नुसतं 'बघतो' म्हणालाय. एक म्हातारा बाप माझ्या आख्यानावर भिस्त ठेवून बसलाय आणि माझ्याकडे ते अर्धंच आहे!

तेव्हा शनिवारपर्यंत शेंगांच्या पुढचं सगळं गाऊन, रेकॉर्ड करून पाठवा. माझ्याशी बोलू नका, नुसतं गा. शिव्या द्यायच्या तर सुरुवातीलाच द्या, म्हणजे पुढे सलग ऐकता येईल.

तुमचा (उशिरा का होईना) आज्ञाधारक भाचा,
शांतवन

ता. क. फोटो काढत होतो तेवढ्यात मुरली आला! रविवारची वाट न बघता, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. बापलेक खाली स्वयंपाकघरात बसलेत. बोलत कुणीच नाही, पण बालाजीराव त्याला तिसरा डोसा वाढताहेत. मघाशी वर येऊन मला म्हणाले, "आतां अर्धें राहिलें तरी चिंता नाही, बुवा." म्हणजे मी सुटलो.

आणखी एक. रेकॉर्डिंग तरीही पाठवा. बायबलात बाप धावत जातो, हे मलाही ठाऊक आहे. पण तुमच्या आख्यानात आधी बोलतं कोण, बाप की पोरगा? मंगळवारी सकाळी मी राहुरीच्या स्टँडवर उतरून थेट तुमच्याकडेच येतोय, आणि सुरुवात कुणी करायची ते मला कळत नाहीये.