सोमीच्या गोंदणाचे माप

मुक्काम विसरवाडीजवळ, तालुका नवापूर,
जिल्हा पश्चिम खानदेश.
शनिवार, ता. ९ जानेवारी १९३७

प्रिय बंधू रेवजी यास,

थोरल्या भावाचा राम राम, आणि प्रभूचा आशीर्वादही. तो तू घे किंवा बाजूला ठेव, मी पाठवणे सोडणार नाही. हे पत्र वाचून दाखवणाऱ्या म्हसावदच्या चुनीलाल गुरुजींना नमस्कार. गुरुजी, रेवजीला शाळेची मराठी पुरती कळत नाही. अडेल तिथे सोप्या शब्दांत सांगावे, ही विनंती.

आमच्याकडे सर्व ठीक. तूर अजून उभी आहे. म्हैस व्याली, पारडी झाली. थंडी पुष्कळ आहे. तू ज्यांच्याकडे सालदार आहेस त्यांचा कापूस या वर्षी कसा आहे, ते कळवावे.

आता मुख्य गोष्ट. तीन वर्षांपूर्वी माझ्या अंगणात उभा राहून तू म्हणालास, "बहिणीचं नाक परत आण, मग मला भाऊ म्हण." गेल्या सोमवारी सोमीच्या तोंडावर नाक बसवले आहे. ते जगेल की नाही, हे अजून कोणालाच सांगता येत नाही.

तू गेल्यानंतरचे तुला माहीत नाही. आपली बहीण तीन वर्षे भिंतीकडे तोंड करून जेवली. बाजार सोडला, लग्नकार्य सोडले. बोलली तर शब्द नाकाच्या जागी फुटून जात, म्हणून बोलणेही सोडले. रात्री तोंड उघडे टाकून झोपायची आणि घसा कोरडा पडून उठायची. मी दवाखान्यात सुतारकाम करतो, खाटा आणि कुबड्या दुरुस्त करतो. तिथे नवे डॉक्टरसाहेब आले आहेत. तुटलेली नाके, कान आणि भाजून चिकटलेले हात नीट करण्याच्या विद्येचा ते अभ्यास करतात. प्रत्येक माणसाचे चित्र काढून वहीत ठेवतात, महिन्या-महिन्याला पुन्हा बोलावतात, काय बदलले ते लिहितात. मी सोमीला तिथे नेले.

त्यांनी तिला काही लपवले नाही. म्हणाले, "बाई, मी अकरा नाकं केली. एक काळं पडून गळलं. दहा जगली, पण त्यातली चार नंतर आकसत गेली आणि श्वास अडू लागला. कातडं किती आकसतं आणि कुठे थांबतं, हे मला अजून कळलेलं नाही. कळलं असतं तर आधीच तेवढं मोठं कापलं असतं. तू बारावी."

सोमी पदराआडून म्हणाली, "मग बाराव्याला तरी शिका."

साहेब इतके हसले की त्यांनी चष्मा काढून पुसला.

नवे नाक कपाळाच्या कातड्याचे करतात. कागदाचा बेतलेला तुकडा कपाळावर ठेवून तेवढे कातडे सोडवतात, पण पूर्ण तोडत नाहीत. दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी मुळीसारखी ठेवतात, तिच्यातून रक्त येत राहते. मग ते कातडे फिरवून खाली नाकाच्या जागी शिवतात. कपाळाच्या जखमेवर मांडीची पातळ साल लावतात. तीन आठवड्यांनी नाक तिथे रुजले, की मुळी कापायची.

अडचण आली गोंदणाची. सोमीच्या कपाळावरचे तीन ठिपके तुला आठवत असतील, दोन खाली आणि एक वर. साहेबांना ते सोडून बाजूचे कातडे घ्यायचे होते. नाकावर निळे ठिपके आले तर वाईट दिसतील, असे ते म्हणाले. पण सोमीचे कपाळ लहान. बाजूचे घेतले तर ठिपके कापले जाणार. ती खाटेवरून उठून उभी राहिली.

"कापायचे असतील तर मी चालले. सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं. वर गेल्यावर आई मला कशी ओळखेल? तोंड तर अस्वलाने नेलं."

रेवजी, ख्रिस्ती मंडळीत उभा राहून मी गोंदणाविरुद्ध बोललेला माणूस. पण त्या वेळी मी तिच्याच बाजूने होतो.

"नाकावर येतील," साहेब म्हणाले.

"येऊ द्या. माझेच आहेत."

मी तिथे कपाटाची बिजागरी बसवत होतो. कातड्यावर खुणा करून माप घ्यायची तर शाई चार दिवसांत धुऊन जाते, काळा दोरा घातला तर तो गळून पडतो, अशी साहेबांची नेहमीची तक्रार मी ऐकलेली होती. मी म्हणालो, "साहेब, हे ठिपके काही धुऊन जाणार नाहीत." मग दोन टोकांचा कंपास घेऊन त्यांनी खालच्या दोन ठिपक्यांमधले अंतर मोजले. माझ्या फूटपट्टीवर ते बरोबर आठ सूत भरले, म्हणजे एक इंच.

आता तिच्या नाकपुड्यांत रबराच्या नळ्या आहेत आणि डोक्याला पट्ट्या. नाकाचा रंग कधी गुलाबी असतो, कधी जांभळा. जांभळा झाला की मी साहेबांना बोलावून आणतो. मुळी २५ तारखेला कापतील.

त्या रविवारविषयी पुन्हा काही लिहीत नाही. सोमी मोहाखाली फुले वेचायला एकटी गेली, मी उपासनेला गेलो. तुला ते माहीत आहे. तू मला जो दोष दिलास तो मी ऐकून घेतला आहे. शिवाय पत्र गुरुजी वाचणार, घरातल्या सगळ्या गोष्टी त्यांच्या कानांवर कशाला घालाव्या?

प्रार्थना कर असे तुला म्हणत नाही. तू ज्या देवाला कोंबडे कापतोस, त्याला तिचे नाव सांगितलेस तरी चालेल.

तुझा थोरला भाऊ,
शमुवेल

*

मुक्काम तोच.
रविवार, ता. १७ ऑक्टोबर १९३७

प्रिय बंधू रेवजी यास,

राम राम आणि आशीर्वाद. गुरुजींना नमस्कार. त्यांचे कार्ड मला फेब्रुवारीत पोहोचले होते. त्यात लिहिले होते, "रेवजी पत्र ऐकून उठून गेला. दाराशी थांबून म्हणाला, नाक टिकलं तर पाहू." म्हणून मी आठ महिने थांबलो. अर्धवट खबर पाठवून तुला पुन्हा उठून जायला लावायचे नव्हते.

नाक टिकले.

नुसते जगले नाही, आकसायचे थांबले. हे दुसरे अधिक मोठे आहे, ते कसे ते सांगतो. मुळी कापली तेव्हा दोन ठिपक्यांमध्ये सात सूत अंतर राहिले होते. मार्चमध्ये साडेसहा. मेमध्ये सहा. दर महिन्याला कंपास टेकला की मी फूटपट्टीकडे बघायला घाबरायचो, कारण त्या चार जणांची नाकेही अशीच कमी कमी होत गेली होती. सोमी मला म्हणायची, "दादा, माप माझं घेतात, घाम तुला येतो." जूनमध्ये सहा. जुलैमध्ये सहा. ऑगस्ट, सप्टेंबर सहा. परवाच्या गुरुवारी साहेबांनी तीन वेळा मोजले, मग फूटपट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू मोज, शमुवेल. माझा हात मला हवं तेच मोजत असेल." मी मोजले. सहा सूत, केसभरही कमी नाही.

आठाचे सहा होतात आणि तिथे थांबतात. साहेबांनी वहीत रेघ ओढून तेवढेच लिहिले. एका बाईवरून नियम होत नाही, अजून पुष्कळांचे मोजावे लागेल, असे ते म्हणतात. पण मुंबईला डॉक्टर लोकांची सभा आहे, तिथे ही मापे सांगणार आहेत. पुढच्या माणसाचे कातडे ते या हिशेबाने मोठे कापतील. सोमीला हे सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे माझ्या गोंदणावरून दुसऱ्या बाईचं नाक कापणार?"

"कापणार नाही गं, बेतणार."

"मग ठीक. झंपर बेततात तसं. थोडं सैल ठेवायला सांग."

ठिपके आता नाकावर आहेत, तेही उलटे. कपाळावर जो वर होता तो खाली, नाकाच्या शेंड्याजवळ आला आहे. शेजारच्या खाटेवर दगूबाई म्हणून नंदुरबारकडची एक म्हातारी होती, हात भाजलेली. पट्ट्या निघाल्या त्या दिवशी ती सोमीकडे टक लावून बघत होती. सोमीने पदर ओढला, तशी म्हणाली, "माय वं! लपाडस कसाले? तुन्हं ते नाकच गोंदेल शे. आते नथ कसाले जोयजे?" नाकच गोंदलेले, मग नथ कशाला हवी, हे ऐकून सगळी खोली हसली. सोमीही हसली. तोंड झाकायला हात वर नेला आणि अर्ध्या वाटेतून परत आणला. मी दारात उभा होतो. रेवजी, मी बाहेर जाऊन लिंबाखाली बसलो आणि देवाचे आभार मानले. एरवी मी शब्द शोधतो, त्या दिवशी शोधावे लागले नाहीत.

आता ती सर्वांबरोबर जेवते. विसरवाडीच्या बाजाराला उघड्या तोंडाने जाते. नाक सुंदर नाही, थोडे जाड आहे, रंग गालांपेक्षा गडद आहे आणि थंडीत ते आधी गार पडते. पण त्यातून श्वास जातो. रात्री घोरते. पहिल्या रात्री घोरली तेव्हा मी आणि माझी सुसाना अंथरुणात बसून ऐकत राहिलो. सुसाना म्हणाली, "असं गोड घोरणं मी कुणाचं ऐकलं नाही. तुमचं तर नाहीच."

गुरुजी, इथून पुढचे मोठ्याने आणि सावकाश वाचावे. काही गाळू नये. तुमच्या कानांवर जाईल म्हणून मागच्या पत्रात मी जे लिहिले नाही, तेच आता लिहितो.

रेवजी, तुझा माझ्यावरचा राग असा, की माझ्या उपासनेपायी बहीण एकटी पडली. मी तो राग मान खाली घालून घेतला, कारण तो खऱ्या गोष्टीपेक्षा हलका होता.

आदल्या शनिवारी संध्याकाळी मी बांबू तोडायला नाल्यात गेलो होतो. आपल्या तीन मोहांच्या खाली, ओल्या वाळूत मला अस्वलाची पावले दिसली. मागचे पाऊल माणसासारखे, पुढच्याला लांब नखे. ताजी होती, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. घरी आलो तेव्हा सोमी सकाळसाठी टोपली बांधत होती. तिने विचारले, "दादा, नाल्यात काही दिसलं का?"

मी म्हणालो, "काही नाही."

का, ते सांगतो. ती मोहाची फुले दारूच्या भट्टीवाल्याला विकायची. मी मंडळीचा पंच. लोक मला हसून विचारत, "पंचाच्या बहिणीची फुलं यंदा चांगली उतरली म्हणे, धार कशी निघाली?" मी तिला कितीदा सांगितले, ती ऐकत नव्हती. त्या संध्याकाळी माझ्या मनात आले, जाऊ दे. लांबून गुरगुरणे ऐकेल, घाबरून पळत येईल, पुन्हा जायची नाही. एवढेच मनात होते. अस्वल फुलांत डोके खुपसून बसले होते आणि ती अंधुक उजेडात त्याच्यापासून दोन हातांवर जाऊन वाकली, हे मी धरलेच नव्हते. तिची किंकाळी आली तेव्हा मी सदरा घालून उपासनेला निघालो होतो.

तीन वर्षे मी प्रार्थनेला बसलो की "काही नाही" हे दोन शब्द मध्ये येऊन बसत. नाक टिकेपर्यंत बोलायची माझी छाती झाली नाही. टिकल्यावर गप्प राहायला निमित्त उरले नाही. गुरुवारी दवाखान्यातून येताना, वाटेत बैलांना पाणी पाजायला थांबलो तिथे, मी सोमीला सगळे सांगितले.

ती गाडीतून उतरली आणि पायी चालू लागली. घरापर्यंत चालली. शुक्रवारी माझ्याशी बोलली नाही. काल दुपारी मी अंगणात रंधा मारत होतो, ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बहिणीची खोड मोडायला कुणी अस्वलाला बोलावतं का? मला एक थोबाडीत मारली असतीस."

मी म्हणालो, "मार तू मला."

"मी कशाला मारू? माझ्या खाटेशी बसून तू वर्षभर नळ्या धुतल्यास, ते मी पाहिलंय. तू खोटं बोललास तेही आता कळलं. दोन्ही माझ्याजवळ राहू देत." मग म्हणाली, "पण रेवजीचं काय? तो तुझ्या प्रार्थनेवर रागावून बसलाय, आणि प्रार्थनेचा काही दोष नाही. त्याला लिही. मला सांगितलंस तसंच लिही, पुस्तकी करू नकोस."

म्हणून लिहिले. हात हलका वाटतो आहे. तिने मला माफ केले असे ती म्हणाली नाही, पण आज सकाळी माझ्यासमोर भाकर ठेवली आणि स्वतःची घेऊन शेजारी बसली.

तू आता येणार असशील तर सोमीसाठी ये. तिला तुला तोंड दाखवायचे आहे, हे तिचे शब्द. तू येशील तेव्हा मी घरी नसावे असे वाटत असेल तर तसे कळव. मी दवाखान्यात राहीन, तिथे निजायला जागा आहे.

गुरुजी, हे वाचून होताच त्याच्या तोंडून जे निघेल ते कार्डावर तसेच्या तसे उतरवावे. लिहिताना सौम्य करू नये.

तुझ्या शिवीचीही वाट पाहणारा,
तुझा भाऊ,
शमुवेल