पासष्ट पौंडांची पाती

शनिवार, ५ ऑक्टोबर

आज दुपारी मी ‘पासष्ट’ म्हणालो आणि सगळं बदललं.

मारिटने विचारलं होतं, धनुष्य किती पौंडांवर लावलंयस? शिकारीच्या दुकानात काउंटरच्या पलीकडे ती, अलीकडे मी, आणि मला अगदी चिकटून ट्रॉय. त्याचं धनुष्य सत्तर पौंडांचं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर. हे तो कुणी न विचारताच सांगतो. माझ्या तोंडून पासष्ट निघून गेलं. परत कसं घेणार?

खरा आकडा सत्तेचाळीस. कॉलेजात कुस्ती खेळताना उजवा खांदा निखळला, बसवला, पुन्हा निखळला. तेव्हापासून सत्तेचाळीसच्या वर दोरी गालापर्यंत येतच नाही. हे इथे कुणाला माहीत नाही. मॅडिसनचं कॉलेज अर्धवट सोडून आलो म्हणून आधीच लोक हसतात. त्यात हे कशाला?

तिने मान डोलावली. मागच्या फळीवरून डबी काढली. उघडणारी पाती — बाण उडताना मिटलेली असतात, हरणाला लागली की पंखांसारखी फाकतात. जखम हीऽ एवढी. पासष्टला मस्त चालतील, म्हणाली. मी म्हटलं, तू म्हणशील ती. मग दुकानामागच्या सरावाच्या पट्ट्यावर तिच्यासमोर सहा बाण मारले. सगळे मुठीएवढ्या जागेत!

“नेम चांगलाय तुझा,” बाण उपटता उपटता म्हणाली, आणि डबीतली दोन पाती स्वतःच फिरवून बाणांवर बसवून दिली.

महिनाभर पुरेल मला एवढं. आणि वर हे — तिच्या वडिलांचे गुडघे गेलेत, डोंगरावरचं मचाण या वर्षी कुणाला तरी द्यायचंय. जाऊन विचार, म्हणाली. ट्रॉयला नाही सांगितलं. मला!

रविवार, ६ ऑक्टोबर

ऑरिनकडे गेलो. मारिटचे वडील. दार उघडून म्हणाले, “या प्रोफेसर.” कॉलेज सोडल्यापासून ते मला हेच म्हणतात.

मचाण दिलं. अट एकच, आणि ती त्यांच्या रानात आजोबांपासून चालत आलीय. हरणाचं रक्त काढलंस की ते तुझं हरीण. सापडो न सापडो. त्या दिवशी धनुष्य खुंटीला, पुढच्या सीझनपर्यंत. मी म्हटलं, कबूल. त्यात काय!

मग म्हणाले, पाती दाखव. मारिटची डबी दिली. अंगठ्याने एक पातं उघडलं, मिटलं, उघडलं. म्हणाले, याला उघडायलाच जोर लागतो, तो बाणाच्या पोटातून जातो. उरेल त्यात आत घुसायचं. जोर असेल तर काही हरकत नाही. ते स्वतः पंचेचाळीस खेचतात. असं सांगितलं, जसं कुणी बुटाचं माप सांगावं. दोन धारांचं, न उघडणारं, जड पातं वापरतात. दगडावर इतकं घासतात की हातावरचे केस निघतात. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. तीन पाती माझ्या तळहातावर ठेवली. राहू दे जवळ, म्हणाले.

त्या क्षणी बोलायला हवं होतं का? पंचेचाळीसवाल्या माणसासमोर सत्तेचाळीस म्हणायला काय जात होतं माझं! पण मारिट दारात उभी होती.

जाताना गेटपाशी तिला म्हणालो, कॉलेज मी तुझ्यासाठी सोडलं.

“असं गावभर सांगू नकोस, इव्हर. मी सोड म्हटलं नव्हतं.”

गुरुवार, १० ऑक्टोबर

कोंबड्यांच्या खाद्याच्या मिलमधलं काम सुटल्यावर ऑरिनची पाती बाणांना लावून बघितली. सगळी डावीकडे जातात. हातभर! न उघडणारं पातं म्हणजे बाणाच्या नाकावर बसवलेलं शीड. धनुष्यात उगीच इतकीशी तिरप असली की वारा ते ओरडून सांगतो. मिटलेलं पातं गप्प राहतं — सरावाच्या टोकासारखं सरळ जातं.

म्हणजे धनुष्य जुळवून घ्यायला हवं. म्हणजे दुकान. म्हणजे मारिट. आणि धनुष्य हातात आलं की ती आधी दोरीचा जोर काट्यावर मोजते. सत्तेचाळीस दिसणार. नाही. मरेन पण नाही.

बुधवार, १६ ऑक्टोबर

मारिटला फोन केला. उचलला नाही. मेसेज केला. पाहिला. बस.

बुधवार, २३ ऑक्टोबर

ट्रॉयच्या गाडीत ती पुढे बसलेली. काच खाली. हसत होती. मी मिलच्या धक्क्यावर मक्याची पोती उतरवत होतो. एक पोतं असं आपटलं की फुटलं. मुकादम म्हणाला, प्रोफेसर, कोंबड्यांचा राग पोत्यावर का? ते प्रोफेसर आता त्याच्यापर्यंतही पोचलं.

खांदा ठणकतोय. झोप नाही. माझ्यात असं काय आहे जे कुणी ठेवून घ्यावं? काही नाही. शिक्षण अर्धं, खांदा अर्धा, खोली मिलच्या वर भाड्याची. एक नेम तेवढा पुरा आहे.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

उद्या मचाण. नर माद्यांच्या मागे लागलेत, दिवसाही हिंडतायत. 

भात्यात दोन बाण ऑरिनच्या पात्यांचे, दोन मारिटच्या. हातात घेऊन बसलोय. डोकं सांगतं, ऑरिनची. सत्तेचाळीसला तीच. पण ती डावीकडे जातात. मग जवळून मारायचं, अगदी जवळून — पण हरीण जवळ नाही आलं तर? मारिटची सरळ जातात. फासळ्यांच्या मधे बरोबर बसलं तर सत्तेचाळीसलाही पुरतं, असं लोक म्हणतात. कोण लोक? मीच.

खरं लिहितो. मारिटची पाती तिने स्वतःच्या हाताने फिरवून बसवली होती. ती काढून टाकायला बोटं धजत नाहीत.

नर मिळाला की ऑरिनच्या शेडमध्ये सगळे जमतात. मांस कापायचं, दळायचं, आतड्यात भरायचं. दिवसभर एका टेबलाभोवती. मारणारा मधे बसतो आणि घरचे त्याच्या दोन्ही बाजूंना. मी मधे. ती शेजारी. मला एवढंच हवंय देवा. एवढंच!

शनिवार, २ नोव्हेंबर

मारलं. सापडलं नाही.

उजाडल्यावर लगेच आला. मोठा नर, मान फुगलेली, नाक जमिनीला. उभा राहिला तो पुरता आडवा नव्हता, थोडा माझ्याकडे वळलेला. थांबायला हवं होतं. एक पाऊल टाकलं असतं तर कूस समोर आली असती. मी थांबलो नाही. मारिटचा बाण. गेला सरळ, बसला बरोबर जिथे बघत होतो तिथे — आणि आवाज आला तो लाकडात खिळा ठोकल्यासारखा. खांद्याचं हाड. बाण बाहेरच लटकत होता. लटकत होता! हरीण वळलं आणि तो बाण हलवत हलवत झाडीत गेलं.

फोन केला. ऑरिन आले, मारिट आली, ट्रॉयसुद्धा. न्याहारी टाकून आले सगळे. इथे कुणाचं हरीण हरवलं की भांडण असलं तरी येतात. थांबलो तासभर, मग माग काढला. पानांवर थेंब. मग थेंबाचा थेंब. ट्रॉय प्रत्येक डागापाशी कागदाचा कपटा ठेवत होता, चेष्टेचा एक शब्द नाही. चेष्टा केली असती तर बरं झालं असतं.

ओढ्याच्या काठावर मारिटला बाण सापडला. ऑरिनने घेतला, उजेडात धरला. पात्याचा एक पंख उघडलेला, दुसरा मिटलेलाच. रक्त चार बोटं, त्याच्या वर बाण कोरडा. बराच वेळ ते कोरड्या भागाकडेच बघत राहिले.

“किती पौंडांनी गेला हा?” 

मारिटने माझ्याकडे बघितलं. मग तीच म्हणाली,

“पासष्ट.”

ऑरिनने बाण खाली ठेवला. म्हणाले, मग पातंच रद्दी आहे.

ओढ्यापलीकडे शेजाऱ्याची दलदल. त्याला विचारून तीही तुडवली. रक्त नाही. दिवस मावळेपर्यंत काही नाही. धनुष्य खुंटीला अडकवलं. सीझन संपला माझा. पण ते हरीण कुठेतरी तीन पायांवर उभं आहे आणि मी गादीवर आडवा आहे!

रविवार, ३ नोव्हेंबर

एकटाच गेलो. दलदलीत कमरेपर्यंत. गवतात जिथे जिथे दबलेलं दिसलं तिथे हात लावून बघितलं, ऊब आहे का. नव्हती.

तिने पासष्ट म्हटलं. माझ्यावर विश्वास ठेवून म्हटलं. यापेक्षा तोंडात मारली असती तर!

सोमवार, ४ नोव्हेंबर

कावळे बघतोय. मेलं असेल तर कावळे उतरतात. नाहीत. ऑरिन म्हणतात, खांद्याला लागलेलं जगतं पुष्कळदा. पुष्कळदा म्हणजे किती वेळा, ते विचारलं नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

मिलमध्ये कळलं. ऑरिन भेटेल त्याला सांगतायत की ती पाती रानात नेऊ नका, पासष्टलासुद्धा हाडात अडकतात. आणि पाती दिली कुणी? त्यांच्याच मुलीने. बापच सांगतोय म्हटल्यावर लोक ऐकणारच. दोघांनी डब्या परत केल्या. एकजण काउंटरवर तिला म्हणाला म्हणे, पोरीच्या जातीला विचारून पाती घेतली ही आमचीच चूक. मालकाने तिला मागे बसवलंय, मासे पकडायच्या दोऱ्या गुंडाळायला. चार वर्षं त्या काउंटरवर उभी आहे ती. धनुष्य कुणाचं, हात केवढा, पातं कोणतं — सगळं तिला तोंडपाठ. आणि आता कुणी विचारत नाही.

एक शब्द. सत्तेचाळीस. बोललो की तिचं नाव धुतलं जाईल. आणि त्याच शब्दाने मी तिच्या नजरेतून कायमचा उतरेन — हरणाचे हाल केले ते वेगळंच, वर दुसऱ्याला बोलणी खाऊ दिली. पाच दिवस गप्प बसून! भिंतीवर मूठ मारली. दुखऱ्या हाताची. बरं झालं.

पांघरुणात शिरून हा शब्द मोठ्याने म्हणून बघितला. स्वतःच्या खोलीतसुद्धा आवाज फुटला नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

मारिट आली होती. मिलचा जिना चढून, या खोलीत, पहिल्यांदा. याची मी किती स्वप्नं बघितली! खुर्ची पुढे केली, बसली नाही.

मी म्हटलं, मारिट, माझं धनुष्य —

“सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस असेल फार तर,” म्हणाली. “ते सहा बाण मी उपटले लक्ष्यातून. एका हाताने. ट्रॉयचा एक काढायचा तर मला पाय रोवावा लागतो.”

मी विचारलं, मग ती पाती का दिलीस?

“तू खरं बोलशील म्हणून थांबले. नाही बोललास. इतका राग आला, म्हटलं, घे मग पासष्टवाल्याची. वाटलं, बदलायला येशील दोन दिवसांत.” मग खिडकीकडे बघत म्हणाली, “बाबांनी विचारलं तेव्हाही आधी तुझ्याकडे बघितलं मी.”

मी ओरडेन असं वाटलं होतं मला. तिलाही वाटलं असावं, दाराजवळच उभी होती. ओरडलो नाही. दोघं एकमेकांना कसं बोलायला लावावं याचा खेळ खेळत होतो आणि मधे एक हरीण येऊन उभं राहिलं. त्याला आमचं काय माहीत?

आज गावच्या हॉलवर शुक्रवारची माशांची पंगत आहे. सगळं गाव तिथे असतं, ऑरिन, मालक, डब्या परत करणारे. ती सांगणार आहे, पाती वाईट नव्हती, माहीत असून चुकीच्या धनुष्याला मी दिली. ये म्हणाली नाही, येऊ नकोसही म्हणाली नाही. गेली. जिना उतरताना तिच्या पावलांचा आवाज ऐकत बसलो नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. नेहमी बसतो.

ती सांगेल त्याआधी माझा आकडा माझ्या तोंडून जायला हवा. तिचं तिने सांगावं की न सांगावं, ते मी तिच्यासाठी ठरवणार नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल का, हा विचार येतोय, पण त्याच्यासाठी थांबत नाही.

लोक बसायच्या आत पोचतो. जाकीट घातलं. दिवा घालवतो, दार ओढून घेतो.