एक दिवसाआड

हॅरिस पार्क, सिडनी

प्रिय आई,
सप्रेम जयभीम.

दम्याचा पंप इथेही मिळाला, तेव्हा काळजी सोड. दुकानातल्या बाईने आधी मेडिकेअरचं कार्ड मागितलं. कार्डवाल्यांच्या औषधाचा बराचसा खर्च कायद्याने सरकार उचलतं. आम्हा स्टुडंट व्हिसावाल्यांना पूर्ण किंमत. शेजारच्या रुचाताई म्हणाल्या, "माझ्या कार्डवर घे ना, कोण बघतंय?" नाही म्हटलं. बाबांनी स्वतःच्या एसटीत मला कधी बिनतिकीट नेलं नाही, ते आठवलं.

युनिव्हर्सिटीत छान चाललंय. वेळेवर जेवते. पंपही पुरवून पुरवून वापरते.

तुझं बीपी कसं आहे? गोळी रोज घे गं, पुरवायची म्हणून एक दिवसाआड नको. तसं केल्याने काय होतं, ते मला हल्ली स्टेशनचा जिना चढताना कळतं.

तुझीच,
संघमित्रा