अक्षरी न लिहिलेला आकडा

प्रिय आत्या,

काल प्रवेशपत्र आलं. लॉच्या प्रवेश परीक्षेला आठ दिवस राहिले. तू जाऊन दोन महिने झाले. तुला एक विचारायचं आहे, आणि त्याआधी एक कबूल करायचं आहे. हा क्रम तुला पटेल.

तू मला पकडलं होतंस का?

पहिल्या सराव पेपरच्या दिवशी तू केलेला नियम आठवतो? दीडशे प्रश्न, दोन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून येत नसलं तरी सगळे काहीतरी ठोकून देतात. मी हे सांगितलं तर तू म्हणालीस, "ठोक की. पण अंदाजाने लिहिलंस तर शेजारी टिंब दे. टिंबाचे गुण मी धरणार नाही."

"खऱ्या परीक्षेत धरतात, आत्या!"

"खऱ्या परीक्षेत मी नसते."

तीस वर्षं तू कोर्टाच्या नक्कल विभागात काढलीस. मूळ कागद आणि त्याची प्रत शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिलंस. माणसांकडेही तू तशीच बघायचीस. धाकट्या डहाणूची कोळीण मावशी माशांची टोपली घेऊन आपल्या चिखल्याला आली की आधी तुझ्या दारात. तू माशाचे कल्ले उघडून बघायचीस.

"सकाळचाच आहे, बाय."

"कुठल्या सकाळचा?"

"तुम्ही कोर्टातच बसा, बाय. मासे खाऊ नका."

मला पहिल्या पेपरला अठ्ठावन्न मिळाले. दुसऱ्याला त्रेसष्ट, तिसऱ्याला सहासष्ट. प्रत्येक पेपरनंतर तू चार-पाच उत्तरांवर बोट ठेवून विचारायचीस, "हे कसं आलं?" सांगता आलं नाही, तर तो गुणही जायचा. किती राग यायचा मला!

मग बाबांनी अट घातली. सरावात शंभर झाले तर परीक्षेला बस. नाहीतर तलासरीला वसतिगृहाच्या ऑफिसात जागा आहे, ती घे. त्यांनी शब्द टाकला होता. ती माणसं फार दिवस थांबणार नव्हती.

चौथ्या पेपरपासून मी टिंबं गाळायला लागले. एकदम सगळी नाही. तुला संशय आला असता. आधी अठ्ठ्याहत्तर झाले, मग एक्क्याण्णव. सहाव्या पेपरला एकशे चार, आणि टिंबं फक्त पाच.

"अभ्यास वाढलाय," तू म्हणालीस.

"हो."

"कधी करतेस?"

"बसमध्ये. गंजाडच्या घरून येताना."

"त्या बसमध्ये उभं राहायला जागा नसते."

मी हसले. तू हसली नाहीस. पण पुढे काही विचारलंही नाहीस. "हे कसं आलं?" हा प्रश्न तू चौथ्या पेपरपासूनच बंद केला होतास. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, तू तरी का सोडलंस? बोलताना दम लागत होता म्हणून? की उत्तर ठाऊक होतं म्हणून?

त्या रविवारी बाबा तांदूळ घेऊन आले. तुम्ही दोघं ओट्यावर बसलात. मी आत चहा करत होते. बाबा आत आले आणि म्हणाले, "तलासरीला नाही म्हणून कळवतो." मी धरून चालले, तू एकशे चार सांगितलेस. आयुष्यात खोटी नक्कल न दिलेल्या बाईच्या तोंडून मी खोटा आकडा वदवला. पंधरवड्याने तू गेलीस. सांगायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. सांगायला पंधरा दिवस होते.

मागच्या आठवड्यात उजळणीसाठी ते सहा पेपर काढले. पहिल्या तिन्हींवर वर कोपऱ्यात लाल शाईने आकडा, कंसात अक्षरी, जसं: सहासष्ट फक्त. खाली 'तपासले', आणि तुझी सही. पुढच्या तिन्हींवर नुसता आकडा. अक्षरी नाही. 'तपासले' नाही. सही नाही.

कोर्टातली सवय अशी तीन वेळा सुटते का, आत्या? हात थकला होता, असंही असेल. तुझ्याकडूनच शिकले आहे, एका खुणेवर विसंबायचं नाही.

म्हणून बाबांना विचारलं. ते शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजायला पाला पसरत होते.

"आत्याने तुम्हाला किती सांगितले होते?"

"काय किती?"

"माझे गुण."

"आकडा नाही सांगितला तिने. मी विचारला तर म्हणाली, आकडा राहू दे, भाऊ. पोरीला परीक्षेला बसू दे."

बाबांना सोयीचं तेवढंच आठवतं, हे तूच म्हणायचीस. पण हे वाक्य त्यांना रचता येणार नाही. ते तुझंच आहे.

म्हणजे तुला माहीत होतं. तू माझ्यासाठी खोटं बोलली नाहीस, आणि मला उघडंही पाडलं नाहीस. कोळणीला सोडत नव्हतीस; मला का सोडलंस? एकदा ओरडायचं होतंस! की मी आपणहून येईन, याची वाट बघत होतीस? मग ते पंधरा दिवस फुकट गेले.

काल तुझ्या टेबलावर बसून नवा पेपर सोडवला. सगळी टिंबं दिली. त्र्याऐंशी झाले. ते घेऊन बाबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पाला खाली टाकला.

"तलासरीची जागा भरली," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मग आता त्र्याऐंशीतच भागव. आठ दिवसांत वाढले तर वाढव."

परीक्षेत मी दीडशेच्या दीडशे प्रश्न सोडवीन, अंदाजानेसुद्धा. तिथला नियम तसा आहे. पण खरोखर किती येत होते, ते मनात वेगळं मोजत राहीन. निकाल लागला की बाबांना दोन्ही आकडे सांगेन. लहान आकडा आधी सांगेन.

तुझी,
दीपाली