नकाशातून खोडलेला झरा

कोल्हापूर
२० फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
शशीचा शरणार्थ.

इकडे ठीक आहे. तुझे गुडघे थंडीत फार दुखले नसतील, असं धरून चालतो. परवा बंगळुरूहून शांभवीचा फोन आला होता. नवं घर घेतलंय म्हणाली, आणि आत्याला नमस्कार सांगा म्हणाली. मी सांगतो म्हटलं. तू माझ्याशी सतरा वर्षं धड बोललेली नाहीस, हे पोरीला अजून नीट माहीत नाही.

माझं चाललंय. हिला जाऊन एप्रिलात पाच वर्षं होतील. डबा चिमणाबाई आणून देतात. दाराशी ठेवून, "साहेब, डबा" एवढंच म्हणून जिना उतरतात. दोन दिवस कुणाशी बोललो नाही की आवाज घोगरा येतो. वीजबिल फोनवर भरता येतं, तरी मी ऑफिसात जाऊन रांगेत उभा राहतो. तिथं पुढच्या माणसाशी उन्हाबद्दल बोलता येतं.

यंदा काजूला मोहर कसा आहे? खाणीचे ट्रक बंद झाल्यावर मोहरावरची तांबडी धूळ गेली असेल. तुमच्या घनसाळ भाताच्या खाचरात अजून तांबडं पाणी उतरतं का? हे विचारायचा मला अधिकार नाही, पण विचारतो.

आता गेल्या मंगळवारचं. आजऱ्यातल्या सुनावणीला मला कुणी बोलावलं नव्हतं. वरच्या सड्याच्या पठारावरही आमच्या कंपनीनं बॉक्साईटची खाण मागितल्याची नोटीस पेपरात वाचली आणि एस.टी.त बसलो. तू मागच्या रांगेत होतीस हे मला ठाऊक नव्हतं, खरंच. तुमची सरपंच निशिगंधा माईकवर चांगली बोलली. मग मी हात वर केला. मी म्हणालो, मी या कंपनीचा निवृत्त सर्वेअर; खालच्या सड्याच्या पायथ्याशी बारमाही झरा होता; तेव्हाच्या नकाशात तो दाखवायचा राहून गेला; खाण सुरू झाल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात तो आटला; वरच्या सड्याखाली असे चार झरे आहेत. कंपनीचा माणूस उठला, "जुन्या अहवालावर तुमचीच सही आहे ना?" म्हणाला. मी हो म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि अक्का, मला बरं वाटलं. फार वर्षांनी इतकी माणसं माझ्याकडं बघत होती.

बाहेर आलो तर तू जीपमध्ये चढत होतीस. मी "अक्का" म्हणून हाक मारली. तू एक पाय पायरीवर ठेवून मागं वळलीस.

"राहून गेला व्हय रे, शशी?"

एवढंच बोललीस. जीप गेली. मी स्टँडवर तीन गाड्या सोडल्या.

तेव्हापासून हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतोय. प्रत्येक वेळी काजूपर्यंत येतो आणि थांबतो. आज इथवर आलो. पुढचं उद्या लिहितो.

२१ फेब्रुवारी, दुपार

अक्का, तो राहून गेला नाही.

खाण सुरू होण्याआधी, मे महिन्यात, ऐन वैशाखात, मी पायथ्याशी मोजणीला आलो होतो. जेवायला तुझ्याकडंच होतो. पाणी मोजायला माझ्याकडं भांडं नव्हतं, तर तू तुझी घागर दिलीस आणि स्वतः बरोबर आलीस. मी हातात घड्याळ धरलं, तू घागर धरलीस. बावीस सेकंदांत घागर भरली. तीनदा भरून बघितली, तिन्ही वेळा तेवढीच. "एवढं काय मोजतोस, आमास्नी ठावं हाय की," असं म्हणून तू हसलीस. ते सगळं माझ्या फील्डबुकात आहे. तारीख आहे, बारमाही असं लिहिलंय.

नकाशावरही मी निळा ठिपका दिला होता. आमचे मॅनेजर वाकून म्हणाले, "शशिधर, हे काय?" मी झरा म्हटलं. "बारमाही?" हो म्हटलं. "मग फाईल दोन वर्षं अडकली समजा," एवढं बोलून ते चहाला गेले. मी दाढीचं ब्लेड घेतलं आणि ट्रेसिंगवरची शाई खरवडून काढली. ते परत आले तेव्हा ठिपका नव्हता, आणि त्यांनी काही विचारलं नाही.

कुणी दम दिला नाही मला. नोकरी जाईल असंही कुणी म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं मी मनात त्या मॅनेजरच्या तोंडी धमक्या घालत आलो, मला जरा बरं वाटावं म्हणून. पण तो खरंच नुसता चहा प्यायला गेला होता.

सड्याचा कातळ पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि वर्षभर थोडं थोडं खाली सोडतो. तो काढला की झरा मरतो. हे मला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. मला माहीत होतं, अक्का.

मग २००८ ची सुनावणी. तू त्या दिवशी घरी होतीस, म्हणून जसं झालं तसं सांगतो. भावजी उठले. माईक त्यांना धरता येत नव्हता. म्हणाले, "साहेब, झरा हाय. आमची वाडी त्याच्यावरच जगती. माझा मेव्हणाच तुमचा सर्वेअर हाय, त्येलाच इचारा की." आणि माझ्याकडं बघून हसले. अधिकाऱ्यानं मला विचारलं. मी म्हणालो, "पावसाळी ओहोळ आहे साहेब. उन्हाळ्यात कोरडा पडतो."

मागून कुणीतरी ओरडलं, "पावणं, घरचाच माणूस न्हाय म्हणतोय की!" सगळे हसले. भावजी खाली बसले. पुढं लोक त्यांना 'झरेवाला बसाप्पा' म्हणायचे, हे मला माहीत आहे. झरा आटल्यावर, टँकर येऊ लागल्यावरही काही जण म्हणत राहिले, हेही कळलं होतं.

आता जे तुला माहीत नाही ते.

त्यानंतर आठव्या दिवशी भावजी कोल्हापूरला आले होते. तुला काय सांगून निघाले, ठाऊक नाही. आमच्या ऑफिसच्या गेटवरून वॉचमन हंबीररावांचा फोन आला, "बसाप्पा म्हणून पावणं आल्यात." मी म्हटलं, साहेब साईटवर गेलेत म्हणून सांगा. आणि वरच्या खिडकीच्या पडद्याआड उभा राहिलो. ते गेटसमोरच्या सिमेंटच्या बाकावर बसले. मांडीवर टॉवेल, त्यावर हात. दोन तास. एकदा त्यांनी वर बघितलं. मी मागं सरलो. मग ते उठले, टॉवेल झटकला आणि चालू लागले.

संध्याकाळी हंबीररावांनी निरोप दिला. "म्हणाले, भांडाय आलो न्हवतो म्हणून सांगा."

पुढं भावजी गेले, त्यांच्या मातीला आलो, तेव्हा तू माझ्याकडं बघितलं नाहीस. मला वाटलं, त्यांनी तुला सांगितलं असेल. आता वाटतं, सांगितलं नसेल. सांगितलं असतं तर तू मला तिथं उभंच राहू दिलं नसतंस.

आज सकाळी जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन लेखी जबाब दिला. त्यात 'राहून गेला' असं नाही. 'बारमाही झरा आहे हे माहीत असताना मी तो नकाशातून खोडला आणि सुनावणीत खोटं सांगितलं,' असं आहे. फील्डबुकाच्या त्या पानाची नक्कल जोडली. आमच्या खालच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, काका, तुमच्यावरच केस होईल. होऊ दे. टपाल घेणाऱ्या बारनिशीतल्या बाईंनी शिक्का मारताना मजकूर वाचला आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं. या वेळी मला बरं वाटलं नाही.

वरच्या सड्याचं अजून ठरलेलं नाही. मे महिन्यात झरे मोजल्याशिवाय निर्णय नाही, एवढं सुनावणीनंतर अधिकाऱ्यांनी लिहून दिलंय. तो सडा वाचेलही. तुमचा झरा परत येणार नाही. येईल असं सांगून तुला खोटी आशा लावणार नाही.

जबाबाची एक प्रत सोबत आहे. ग्रामसभेत ती सगळ्यांसमोर वाचली जावी. मी येऊन स्वतः वाचेन. मी तिथं नको असेन तर निशिगंधाला वाचू दे. पण ज्यांनी भावजींना हसून खाली बसवलं, त्या माणसांच्या कानावर ती पडली पाहिजे.

तू मंगळवारी विचारलंस, त्याचं हे उत्तर. तेव्हाच तिथं द्यायला हवं होतं. खरं तर सतरा वर्षांपूर्वी, गेटपर्यंत खाली उतरून, त्यांना द्यायला हवं होतं.

बसाप्पा भावजी खरं बोलत होते. खोटं मी बोललो.

'तुझा' असं लिहायला अजून हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

शशिधर