लवंगेचं तेल

सांगली, १२ जानेवारी १९९६

तीर्थरूप आप्पांस,

काल आमच्या वॉर्डात तासगावचे इलाहीचाचा आले. हार्ट अटॅक. पण छातीत कळ नव्हती, जबडा दुखत होता, म्हणून त्यांनी आधी दाढच काढून घेतली होती. आज बरे आहेत. म्हणाले, "सिस्टर, चोर एका घरात आन् झडती शेजाऱ्याची झाली बगा." सगळा वॉर्ड हसला. मला हसता आलं नाही.

दिवाळीत मेढ्याचा चढ चढताना तुम्ही थांबून गाल दाबलात. "दाढ लय ठणकतीया, पर थांबलं की ऱ्हाती," म्हणालात. आणि मी, घरातली पहिली पदवीधर, नर्सिंग शिकलेली लेक, लवंगेचं तेल लावलं. तुम्ही आळीभर सांगत सुटलात, "लेकीच्या हाताला गुण हाय."

आप्पा, चढताना दुखतं आणि थांबलं की राहतं, ते दुखणं दाढेचं नसतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तुम्हाला पत्र पोस्टमन वाचून दाखवतो आणि आई शेजारी उभी असते. तिने हे असं ऐकायला नको. म्हणून पत्र टाकत नाही, उद्या पहिल्या एसटीने मीच येते. साताऱ्याला जाऊन ईसीजी काढू.

तुम्ही हे वाचणार नाही, तरी लिहिते: मी पोचेपर्यंत कुठला चढ चढू नका.

तुमची,
वैजयंता