हातांवर बसायची विद्या

तीर्थस्वरूप आत्याच्या चरणी, लाडोबाचा इथून पोचेल तेवढा वाकून नमस्कार. (वाकायची सवय झाली आहे. बालवाडीतल्या बुटक्या खुर्च्यांवर बसून माझे गुडघे आता कानांशी गप्पा मारतात.) मी मजेत आहे. तुझ्या हाताचं प्लॅस्टर निघालं हे बाबांकडून कळलं, पण बोटं अजून आखडलेलीच आहेत, चमचासुद्धा धरवत नाही, हे ऐकून जीव थोडा थोडा झाला. वहिनी म्हणे तुला भरवते, वेणी घालते, इकडची काडी तिकडे करू देत नाही. गुणाची आहे. तिच्याबद्दल खाली लिहितो.

बालशिक्षण शिकायला परदेशात जाऊन पोरंच सांभाळायची का, असं अख्खं घर म्हणत होतं, तेव्हा तू एकटी माझ्या बाजूनं उभी राहिलीस. म्हणून तुलाच सांगतो, तुझ्या लाडांपायी मी नापास होता होता वाचलो.

झालं असं की, कॉलेजनं आम्हाला प्रत्यक्ष शिकायला एका बालवाडीत पाठवलं. अंगणात खेळायला जाण्याआधी मुलं आपापले कोट-बूट घालतात. म्हणजे घालायचा प्रयत्न करतात. एकाचं डोकं बाहीत, दुसरीचे दोन्ही पाय एकाच बुटात. आता मला दाढी फुटेपर्यंत माझ्या बुटांच्या नाड्या तूच बांधल्यास, मला हे बघवणार कसं? मी पटापट सगळ्यांच्या चेनी ओढल्या, नाड्या बांधल्या. खाऊच्या वेळी फळं सोलून, बिया काढून चिऊ-काऊचे घास भरवले (मराठीतून! एकानंही तक्रार केली नाही). थोड्याच दिवसांत पोरं मला बघितलं की संस्थानिकांसारखी पाय पुढे करायला लागली. ज्यांना येत होतं तीही विसरली. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होतो, तोच आमच्या परीक्षक बाईंनी बोलावलं.

"मुलांची कामं तू फार छान करतोस," त्या म्हणाल्या. "मुलं काय करतात?"

मी खरं तेच सांगितलं, पाय पुढे करतात. त्यांनी एक शेवटची संधी दिली. पुन्हा हेच दिसलं तर गाशा गुंडाळून घरी. (तिथे सगळे टपलेलेच.) उपाय विचारला तर म्हणाल्या, हातांवर बस. मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. तसं नव्हतं, खरोखरच तळहात मांड्यांखाली दाबून बसायचं होतं.

परीक्षेच्या दिवशी सगळी मुलं अंगणात पळाली आणि आमचा भोपळा तेवढा मागे राहिला. (नाव मीच ठेवलंय, गोल आहे.) जीभ बाहेर काढून तो बूट घाली, काढी, पुन्हा घाली. मी हातांवर बसलो होतो, बोटांना मुंग्या आल्या होत्या. शेवटी त्यानं रडवेला होऊन पाय माझ्यापुढे केला. आत्या, माझा जीव नुसता तुटत होता.

"मी इथंच आहे," एवढंच म्हणालो.

त्यानं पाय मागे घेतला आणि बूट चढवले. डावा उजव्यात, उजवा डाव्यात. पण अशा दिमाखात अंगणात गेला की माझ्या डोळ्यांना धार लागली. बाईंनी रुमाल दिला नाही, कागदी रुमालांचा डबा कुठे आहे ते बोटानं दाखवलं.

मी पास झालो. बाई म्हणाल्या, बाकीचे वाट बघताना कंटाळतात, तुझी नजर मुलावरून हलली नाही, हे कुणी शिकवलं? मी सांगितलं, आत्यानं. माझे हात तू बिघडवलेस खरे, पण माणसाकडे असं बघायचं तुझ्याकडूनच आलं. हे उपकार फिटणारे नाहीत, आणि मला फेडायचेही नाहीत.

तुझा लाडोबा

ता. क. वहिनी, हे पत्र तूच आत्यापुढे धरून वाचत असशील. हा कागद तिच्या हातात दे, जेवताना चमचाही दे, आणि तू हातांवर बस. डॉक्टरांनीही बोटं वापरायला सांगितलंय ना? सांडेल, सांडू दे. तू मायेनंच करतेस, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

आणखी एक. आत्या, शर्टाचं तुटलेलं बटण तुझ्यासाठी जपून ठेवलं होतं, ते मीच लावलं. (खिसाही शिवला गेला, पण लावलं.) आता तुझी पाळी. उत्तर तुझ्या हातानं लिही. एक ओळ पुरे, अक्षर कसंही येऊ दे, कितीही दिवस लागू देत. मी इथंच आहे.